माकडाचं बारावं

माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर मेलेल्या माकडांचा नकाशा लावलेला आहे. परळच्या आमच्या संस्थेत नवीन कोणी आलं की आधी नकाशाकडे बघतं, मग माझ्याकडे, आणि मग चहा नको म्हणतं. लाल टाचणी म्हणजे माकड मेलं. पिवळी टाचणी म्हणजे माणसाला ताप आला. रानातल्या प्राण्यांचे आजार माणसांत कसे शिरतात हे शोधणारी पुष्कळ मंडळी आहेत, त्यातला हा माझा लहानसा तुकडा. नमुने तपासणारी प्रयोगशाळा वेगळी, रानात हिंडणारी पथकं वेगळी. माझी मुलगी मुंबईत बसून टाचण्या टोचते आणि सरकार तिला पगार देतं, असं बाबा सगळ्यांना सांगतात, आणि ते फारसं खोटं नाही.

माकडताप म्हणतात त्याला. नाव माकडावर पडलंय, पण माकड बिचारं फुकट बदनाम. विषाणू असतो गोचिडीत. गोचीड माकडाला चावते, माकड आजारी पडून मरतं, आणि मेल्यावर त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून पुढचं गरम अंग शोधत बसतात. काजूच्या बागेत पातेरा, म्हणजे वाळका पाला, गोळा करायला गेलेली बाई हेच ते पुढचं अंग. तिला आधी ताप येतो, मग अंग मोडून येतं, काहींच्या हिरड्यांतून रक्त येतं, आणि सगळेच बरे होतात असं नाही. म्हणून माकड मेल्याची बातमी आम्हाला माणसाच्या तापाआधी हवी असते. वेळेत कळलं तर पथक जातं, नमुने घेतं, माकड तिथल्या तिथे जाळतं, भोवती गोचिडी मारायची पावडर टाकतं आणि गोचीड चढू नये म्हणून गावाला अंगाला लावायचं तेल वाटतं. एवढ्यानं माणसं वाचतात. लोकांना वाटतं आमच्या कामात मोठमोठी यंत्रं असतात. असतात, पण कोणी वेळेवर फोन केला नाही तर ती यंत्रं धूळ खात पडतात.

तर या नकाशावर सिंधुदुर्गाच्या एका कोपऱ्यात चहूकडे लाल टाचण्या होत्या आणि मधोमध एक गाव कोरंच्या कोरं. आमचे साहेब एकदा कौतुकानं म्हणाले, "या गावाचा अभ्यास करायला हवा. इथली माकडं मरत का नाहीत?" ते आमचंच गाव होतं, आणि तिथली माकडं कशी मरतात ते मला चांगलं ठाऊक होतं. वाजतगाजत मरत होती.

आमच्या गावात माकड मेलं तर त्याचं माणसासारखं सगळं करतात. मारुतीरायाचं जनावर, त्याला असंच कसं टाकायचं? अंगणात आणून आंघोळ घालतात, पांढरं फडकं गुंडाळतात, बांबूची तिरडी बांधतात, ओढ्याच्या काठी नेऊन अग्नी देतात आणि बाराव्याला गावजेवण घालतात. कोकणात प्रत्येक घराला कसला ना कसला मान असतो. कोणाला पालखीच्या पुढच्या दांड्याचा, कोणाला होळीच्या पहिल्या नारळाचा. आमच्या घराला मेलेल्या माकडाच्या तोंडात पहिलं पाणी घालायचा. लहानपणी मे महिन्यात गावी गेले असताना मी आत्येला हे करताना पाहिलंय. मांडीवर डोकं घेऊन, पोराला पाजावं तसं ती पळीनं पाणी घालत होती. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. शाळेत मैत्रिणींना सांगितलं, तर त्या आठवडाभर माझ्यापासून लांब बसल्या.

आता गावच्या घरात आत्ये एकटीच असते. बाबांची धाकटी बहीण, सत्तरीला टेकलेली, पण अजून रोज काजूत जाणारी. शेजारच्या गावात काजूत जाणाऱ्या एका बाईला ताप आला आणि तिथे पिवळी टाचणी लागली. ती बाई बरी होऊन घरी आली, पण मला सारखी आत्येची मांडी दिसत होती आणि तिच्यावरचं ते केसाळ डोकं. गोचिडींना याहून चांगली सोय कोणी करून दिली नसती.

मी आत्येला फोन लावला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गो बाय, मान काय माझो हा? घराचो हा. तुझ्या बापाशीक विचार."

बाबांना विचारलं. गिरणी बंद पडल्यावर बाबांनी एका कुरिअरच्या ऑफिसात आयुष्य काढलं. आलेलं पाकीट दुसऱ्याच्या हातात देण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. ते म्हणाले, "मान घराचा असला तरी दिलेला गावकीनं. घोडपदेवला ये रविवारी. खोलीवर विषय काढ." सरकारी फाइलसुद्धा इतक्या टेबलांवर फिरत नाही.

ही खोली म्हणजे आमच्या गावाची मुंबईतली खोली. गिरण्यांच्या काळात गावातली सडी माणसं तिथे राहायची. प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी आणि पाळीपाळीनं झोपायला तेवढीच जागा. आता तिथे राहतं कोणी नाही. महिन्यातून एकदा मंडळाची मीटिंग भरते, देवाच्या तसबिरीला हार बदलतात, चहा पितात आणि गावात काय व्हावं काय होऊ नये ते ठरवतात. गावात राहणाऱ्यांना हे फारसं आवडत नाही, पण देवळाच्या कौलांपासून शिमग्याच्या मांडवापर्यंत पैसा मुंबईचा, त्यामुळे ऐकतात.

रविवारी मी प्रोजेक्टर घेऊन गेले. ही माझी पहिली चूक. भिंतीवर तसबीर असल्यामुळे विषाणूचं चित्र नेमकं देवाच्या पायाशी पडलं, आणि एका काकांनी उठून प्रोजेक्टरचं तोंड दाराकडे वळवलं. मग मी तोंडीच सांगितलं. गोचीड, माकड, काजू, ताप. सगळ्यांनी माना डोलावल्या. बारशाच्या पाळण्याला डोलावतात तशा.

मग चिटणीस बोलले. मंडळाचे चिटणीस म्हणजे सगळ्यांचे काका, पोस्टातून निवृत्त झालेले, स्वच्छ शर्ट आणि त्याहून स्वच्छ बोलणं. "बाय, तू शिकलेली आहेस, तुझा आम्हाला अभिमान आहे," ते म्हणाले. अशी सुरुवात झाली की पुढे काय येणार ते मला कळतं. "पण एक सांग. लॉकडाऊनला आम्ही गावी गेलो तर आम्हाला शाळेत डांबलं. आपलंच गाव आणि लांबूनच ताट सरकवायचे. आता माकड मेल्याचं कळवायचं म्हणजे परत तेच. गाड्या येणार, दोऱ्या लावणार, शिमग्याला पालखी काढू नका म्हणणार. काजूला गिऱ्हाईक येईल का मग? आणि ते सोड. देवाचं जनावर. त्याला आंघोळ नाही, पाणी नाही, परक्या माणसांनी रानातच जाळून टाकायचं? कुत्र्या-मांजरासारखं?"

पालखीचं उत्तर माझ्याकडे होतं. पालखी कोणी थांबवत नाही, गाव कोणी बंद करत नाही, हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही. ते मी दिलं आणि ते पटलंही. पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. संस्थेतल्या कुठल्याच कागदात ते नव्हतं. उत्तर नसलं की मी भांडते, हा माझा जन्माचा स्वभाव.

"ठीक आहे," मी म्हणाले. "माकडाचं सगळं नीट करा. आणि मग आत्येचंही करा. तिरडीचे बांबू जास्तीचे आणून ठेवा."

चहावाल्यानं आणलेले ग्लास तसेच राहिले. मला वाटलं, संपलं. आता ही माणसं पुन्हा मला बोलावणार नाहीत आणि आत्ये पुढच्या माकडाला मांडीवर घेणार. मला रडू येत होतं आणि रागही, आणि दोन्ही एकदम आलं की माझा चेहरा फार वाईट दिसतो.

बाबा तोवर कोपऱ्यात बसून होते. एरवी मीटिंगमध्ये ते हिशेबाला हो म्हणण्यापलीकडे बोलत नाहीत. त्यांनी चिटणीसांना नावानं हाक मारली. दोघं एका वयाचे, एकाच खोलीत राहिलेले.

"तुझ्या भावाला अग्नी कोणी दिला रे?"

चिटणीसांचा धाकटा भाऊ कोविडमध्ये गेला होता. हे सगळ्यांना माहीत होतं आणि म्हणूनच तो विषय कोणी काढत नसे. चिटणीसांनी चष्मा काढला.

"माहीत नाही," ते म्हणाले. "तू होतास ना माझ्याबरोबर. गेटच्या बाहेरच उभं केलं आपल्याला. आत पांढऱ्या कपड्यातले दोघं-तिघं होते. तोंडसुद्धा दिसत नव्हतं त्यांचं."

"आंघोळ घातली?"

"कुठली आंघोळ."

"तोंडात पाणी?"

चिटणीसांनी मान हलवली.

"आणि बारावं?"

"केलं की. इथेच केलं. तू वाढायला होतास."

"पोचलं नाही असं वाटतं तुला?"

बाबांचा आवाज इतका साधा होता की चिडताही येईना. चिटणीस चष्म्याची काच पुसायला लागले.

"पोचलं असणार," ते म्हणाले. "पोचलं नाही असं सांगतंय कोण? पोचलंच असणार."

"मग माकडाचंही पोचेल," बाबा म्हणाले. "ह्या खोलीत किती माणसं गेली. गावाला फक्त पेटी जायची. माणूस कधी गेला? तरी गावानं सुतक पाळलंच की. अग्नी जिथे मिळेल तिथे मिळेल. बारावं आपल्या हातात आहे."

मग थोडा वाद झाला, पण तो आता कसं करायचं याचा होता. अमुक करायचंच नाही, असं कोणी म्हणेना. माकड दिसलं की हात लावायचा नाही, आधी फोन करायचा, हे ठरलं. आमच्या घराच्या मानाचं काय, हा प्रश्न बाबांनीच काढला आणि बाबांनीच सोडवला. पाणी तोंडात न घालता पथक गेल्यावर, थंड झालेल्या राखेवर घालायचं. मी घाईघाईनं मनातल्या मनात नियम आठवले. राखेत गोचीड जगत नाही. पावडर मारलेल्या जागेत पायात बूट घालून जायचं, एवढीच अट मी घातली. माकडाला बूट घालून पाणी देणारी आमची आत्ये पहिलीच असेल, असं कोणीतरी म्हणालं आणि खोली हसली. ग्लासातला चहा तोवर गार झाला होता. तसाच प्यायलो.

उठण्याआधी सगळ्यात वडील काकांनी तसबिरीसमोर नारळ धरला आणि गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय काही पक्कं होत नाही.

"बा देवा म्हाराजा, आज ही लेकरां तुझ्या पायाकडे एक नवी चाल सुरू करतत. तुझ्या माकडाक हात नाय लावणत म्हणून राग धरू नको. त्येंका जीवाची भीती हा म्हणून करतत, माया कमी झाली म्हणून नाय. काय चुकला-माकला तर पदरात घे आणि रानात जाणाऱ्या लेकीसुनांची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणाले. शास्त्रीय कामाला अशी मंजुरी मी यापूर्वी कधी घेतली नव्हती, आणि खरं सांगायचं तर इतकी भक्कमही कधी मिळाली नव्हती.

पुढच्या मोसमात काजूला मोहोर आला आणि मी फोन उशाशी घेऊन झोपायला लागले. बोलायला सगळं सोपं. दारात माकड पडलेलं असताना, आजूबाजूची म्हातारी माणसं बघत असताना, लहानपणापासून केलेली गोष्ट न करणं सोपं नाही. आत्ये तोंडानं हो म्हणेल आणि शेवटी पळी घेऊन जाईल, अशी धाकधूक मला रोज वाटत होती.

एका सकाळी मी ऑफिसात पोचते न पोचते तोच तिचा फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसं.

"काजूत माकड पडलाहा. मोठा हा. मी लांब उभी रवलंय. हात लावक नाय." मग थोडं थांबून, "तोंड उघडा हा गो त्याचा. पाणी मागल्यासारख्या. माझो जीव खाता."

"आत्ये, तिथून मागे हो. घरी जा, कपडे बदल, अंग तपास. मी लगेच पथकाला सांगते."

"जातंय. पण तू घाई कर. उन्हात पडलाहा ता."

मी घाई केली. पथक दुपारी पोचलं. नमुने घेतले, माकड जाळलं, पावडर मारली. संध्याकाळी गावात तेल वाटलं, आणि शाळेच्या मास्तरांनी ते अंगाला कसं चोळायचं ते सगळ्यांना दाखवलं. दुसऱ्या दिवशी आत्येनं बूट घालून राखेवर पाणी घातलं. काही दिवसांनी अहवाल आला. माकडतापच होता. मी आमच्या गावावर लाल टाचणी टोचली. स्वतःच्या गावावर लाल टाचणी टोचताना मला जो आनंद झाला तो कोणाला सांगण्यासारखा नव्हता, म्हणून मी कॅन्टीनमध्ये जाऊन एकटीच दोन बटाटेवडे खाल्ले. तो मोसम संपेपर्यंत गावातून आणखी दोनदा फोन आला आणि तिथे पिवळी टाचणी एकही लागली नाही. पुढच्या वर्षी काय होईल ते मला माहीत नाही, पण आता गाव आम्हाला कळवतं, हे माहीत आहे.

हे मी पुढचं सांगून गेले. अहवाल आला त्याच संध्याकाळी आत्येचा पुन्हा फोन आला होता. मला वाटलं, कोणाला ताप आला. तर ती विचारत होती, "अग्नी कोणी दिल्यान?"

"म्हणजे?"

"काडी कोणी लावल्यान? बाराव्याक बोलवक व्हया ना. अग्नी देणारो जेवल्याशिवाय बारावा पुरा होणा नाय."

मला काय माहीत? आमच्या कागदावर जाळलं एवढंच असतं, कोणी ते नसतं. मी पथकाला फोन लावला. पथकाची प्रमुख अकोल्याकडची एक पशुवैद्यक बाई, हसतमुख, पण थकलेली. तिनं घाबरूनच विचारलं, "मीच लावली काडी. का हो मॅडम? काही चुकलं का?" मी नाही म्हटलं आणि खरं कारण सांगितलं. मग ती म्हणाली, इतकी वर्षं माकडं जाळतेय, जेवायला कोणी बोलावलं नाही.

आत्येला सांगितलं, बाईनं दिला.

"बायलमाणसान?" आत्ये जरा विचारात पडली. "बरा झाला. तिच्या हाताक माया आसतली. तिका सांग, येवक व्हया."

ही गोष्ट बाबांनी रविवारी खोलीवर सांगितली. मी तिथे नव्हते, पण बाबा घरी येऊन म्हणाले की चिटणीस मधेच उठून गॅलरीत गेले. आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला. गावच्या बसचं तिकीट मोबाइलवर काढून देशील का?

बस लालबागहून सुटते. ऑफिस सुटल्यावर मी बाबांबरोबर त्यांना पोचवायला गेले. चिटणीसांच्या एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात लालबागच्या बाजारातून कुटून घेतलेला ताजा मसाला, इतका तिखट की रांगेतली माणसं शिंकत होती.

"एवढा कशाला, काका?" मी विचारलं. "बाराव्याच्या काळ्या वाटाण्याच्या उसळीला एवढा मसाला?"

"गावात मिळतो तो बरोबर नसतो," ते म्हणाले. मग जरा थांबून, "त्या डॉक्टरबाई येणार ना नक्की?"

"येते म्हणाल्यात."

"वाढायला मी उभा राहणार. तुझ्या आत्येला सांगून ठेव."

"वाढायचा मान तुमच्या घराचा कुठाय?" मी चेष्टेत म्हणाले.

ते हसले नाहीत. बाबांनी माझ्या कोपराला हळूच धरलं.

"पांढरे कपडेवाले ते," चिटणीस म्हणाले, "त्यांचं नाव नाही कळलं, गाव नाही कळलं. माझ्या भावाला अग्नी देऊन ते कुठे जाऊन जेवले असतील, कोणी त्यांना जेवायला तरी दिलं की नाही, हे मनात येतंच राहतं. ह्या वेळी माहीत आहे ना, कोणी दिला ते."

बसवाल्यानं हाक दिली. बाबांनी पिशवी वर चढवून दिली. चिटणीस खिडकीशी बसले, काच सरकवली आणि मला जवळ बोलावलं.

"आत्ताच फोन कर त्यांना. म्हणावं, उद्या सकाळपासून काही खाऊ नका. पोटभर जेवायचंय."

बस भारतमाता चौकाकडे वळायच्या आत मी तिथेच उभी राहून फोन लावला.